सहा आठवडे फाउंड्रीत: पंप हाउसिंगच्या ब्लो होलमागे लागले त्याची वही

मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलं आणि समर इंटर्नशिपसाठी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) सहा आठवडे होते, ६ मे ते १४ जून २०२५. रोज रूमवर आल्यावर लिहायचे. प्लांटचं आणि माणसांची नावं काढलीत, बाकी जसं होतं तसं ठेवलंय, चुकांसकट. पुढच्या वर्षी जे कोणी फाउंड्रीत जातील त्यांचे निदान माझे वाया गेलेले दिवस तरी वाचावेत.

६ मे, मंगळवार

पहिला दिवस गेटवरच अडकला. सेफ्टी शूज नाहीत म्हणून आत सोडेनात आणि स्टोअरमध्ये सगळ्यात लहान साईज ६, माझी ४. शेवटी कोल्हापुरात जाऊन तीन दुकानं फिरून ११५० रुपयांचे घेतले, त्यात दुपार गेली. मुलींनी हे आधीच घेऊन यावं, तिथं मिळतील या भरवशावर राहू नका.

रूम प्लांटपासून चालत वीस मिनिटांवर, कॉट बेसिसवर महिना १८०० रुपये. डबा दोन वेळचा २८०० रुपये. स्टायपेंड नाही.

७ ते १० मे

चार दिवस नुसती फिरत होते. मोल्डिंग लाईन (वाळूचे साचे बनतात ती), कोर शॉप (कोर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा), भट्टी, नॉक-आउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांच्या माऱ्यानं साफ करणं), फेटलिंग (जादा लोखंड काढणं). कोणी काही शिकवत बसत नाही, पण विचारलं तर हातातलं काम न थांबवता सांगतात, म्हणजे तुम्हाला त्यांच्या कामाच्या वेगानं ऐकायला लागतं.

भट्टीजवळ पहिल्याच दिवशी एका काकांनी मला मागं ओढलं कारण माझा कुडता पॉलिस्टरचा होता. ठिणगी पडली तर सुती कापड जळतं आणि भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. दुसऱ्या दिवसापासून भावाचे जुने सुती शर्ट पूर्ण बाह्यांचे.

भट्टी इंडक्शनची आहे. एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज जाते हे तिथल्या मेल्टरनं सांगितलं आणि तो आकडा नंतर खूप कामाला आला.

सोमवारी प्लांटला सुट्टी असते, रविवारी नाही.

१३ मे, मंगळवार

साहेबांनी बोलावून एक शीट हातात दिली आणि म्हणाले नुसतं फिरून रिपोर्ट लिहिण्यापेक्षा हे बघ. पंप हाउसिंग नावाचा पार्ट, एफजी २६० ग्रेडच्या बिडाचं कास्टिंग (ओतीव भाग), एक नग ११ किलो, एका बॉक्समध्ये (साच्याच्या पेटीत) दोन नग, आत एक कोर. एप्रिलमध्ये ४३८० नग ओतले, ४१२ रिजेक्ट. म्हणजे ९.४ टक्के. त्यातले २६८ फक्त ब्लो होलमुळे.

ब्लो होल म्हणजे कास्टिंगच्या आत किंवा पृष्ठभागालगत राहिलेली गॅसची पोकळी. बाहेरून कधी दिसते, कधी मशीनिंगला गेल्यावर उघडी पडते, आणि तेव्हा ती कस्टमरकडं पडते म्हणून जास्त त्रास.

मी रात्री गणित केलं, २६८ नग गुणिले ११ किलो म्हणजे जवळपास तीन टन. लोखंड परत भट्टीत जातं हे खरं, पण १८०० युनिट वीज, कोर, वाळू, पोरांची मेहनत परत येत नाही. तेव्हापासून हा पार्ट माझा झाला असं वाटायला लागलं.

१४ ते १७ मे

मला वाटलं सोपं आहे, ब्लो होल म्हणजे वाळूत पाणी जास्त. पुस्तकात पहिलं कारण तेच असतं. सँड लॅबमधल्या दादांना सांगून मॉइश्चर घ्यायला सुरुवात केली. तिथं कार्बाइड पावडरवाला मॉइश्चर टेस्टर आहे, वाळू आणि पावडर डब्यात हलवली की गॅस होतो आणि काट्यावर टक्केवारी दिसते. चार दिवसांत ६० रीडिंग घेतली, सरासरी २.९ आली. प्लांटचं टार्गेट ३.२ ते ३.६.

म्हणजे वाळू उलट कोरडी निघाली, आणि मी तसं साहेबांना सांगूनही आले.

शनिवारी दादांनी मला सँपल घेताना पाहिलं आणि विचारलं, हे वाडगं किती वेळ असं उघडं असतं. मी मिक्सरजवळून पाच-सहा वाडगी भरून एकदम लॅबमध्ये आणायचे आणि एकेक करत बसायचे, शेवटच्या वाडग्याची पाळी येईपर्यंत वीस मिनिटं व्हायची, वर पंखा चालू, मेमधली हवा, वाळू कोमट. पाणी उडून जात होतं. शिवाय मिक्सरजवळचं सँपल कामाचंच नाही, साचा बनतो तो मशीनवरच्या हॉपरमधल्या (वाळूच्या टाकीतल्या) वाळूचा.

६० रीडिंग फुकट. साहेबांना जाऊन परत सांगितलं की माझा आकडा चुकीचा होता. ते एवढंच म्हणाले की आता बरोबर घे.

१८० रुपयांचे सहा घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले. हॉपरमधून घ्यायचं, लगेच झाकण, पाच मिनिटांत टेस्ट. आकडे ३.३, ३.४, ३.५ असे यायला लागले. म्हणजे वाळू व्यवस्थितच होती.

२० मे, मंगळवार

खरी अडचण आज कळली. वाळूचं रीडिंग सकाळी ११ चं आहे, पण ११ वाजता ओतलेला नग कोणता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. नॉक-आउटनंतर सगळे नग एकाच बिनमध्ये, मग शॉट ब्लास्ट, मग फेटलिंग, दोन दिवसांनी ब्लो होल दिसतो तेव्हा त्या नगावर फक्त तारखेचा हीट कोड आणि पॅटर्नचा (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्याचा) १ किंवा २ एवढंच असतं. असा माग लागत नसेल तर रीडिंग घेऊन काय करायचं.

खडूनं नंबर घातले. शॉट ब्लास्टमध्ये पुसले, जाणारच होते, मला आधी सुचायला पाहिजे होतं. एका पोरानं सुचवलं म्हणून ऑइल पेंट लावला तोही गेला.

२१ मे, बुधवार

मोल्डिंगवर एक मामा आहेत, तीसेक वर्षं हेच काम, शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनची कास्टिंग व्हायची तेव्हापासूनचा हात. ते म्हणाले, "पोरी, नंबर कास्टिंगवर घालू नको, साच्यात घाल." म्हणजे साचा बंद व्हायच्या आधी आतल्या वाळूवर खिळ्यानं कोरायचं, तिथं लोखंड शिरतं आणि नगावर अक्षर उठून येतं.

केलं. दोन चुका झाल्या. एक, साच्यात सरळ लिहिलेलं नगावर उलटं येतं, आरशासारखं, त्यामुळं उलटा २ आणि ५ ओळखता येईना. दुसरी जास्त वाईट, कोरताना सुटलेली वाळू मी आतच ठेवली आणि त्या दिवशीच्या दोन नगांत सँड ड्रॉप (सुटी वाळू लोखंडात अडकल्याचा दोष) आला, म्हणजे माझ्यामुळं दोन नग रिजेक्ट. ते दोन मी शीटमध्ये माझ्या नावावर वेगळे दाखवले.

उपाय: आकडे नाहीत, फक्त ठिपके. खिळ्याच्या टोकानं मशीनिंग न होणाऱ्या बाजूला १ ते ९ ठिपके, मग हवेनं फुंकर मारायची, मग बॉक्स बंद. ठिपके उलटे झाले तरी ठिपकेच. एका लॅडलमधून (लोखंड ओतायच्या बादलीतून) ९ बॉक्स ओतले जातात म्हणून ९.

२२ ते २४ मे

तीन दिवस १४ लॅडल धरली, १२६ बॉक्स, २५२ नग. प्रत्येक लॅडलचं पहिल्या आणि नवव्या बॉक्सजवळ टेम्परेचर घेतलं. पहिल्याला १४०० च्या वर, नवव्यापर्यंत ५०-६० डिग्री खाली. माझी खात्री होती की शेवटचे बॉक्स थंड लोखंडाचे आहेत, गॅस बाहेर पडायच्या आत लोखंड गोठतं, ब्लो होल तिथंच सापडणार. पायरोमीटरच्या (टेम्परेचर मोजायच्या यंत्राच्या) टिपा एकदाच वापरायच्या असतात, त्यामुळं एवढ्या टिपा वापरायची परवानगी मागायला मला तीनदा साहेबांकडं जावं लागलं.

एक अडचण कायमची होती, मला संध्याकाळी ६ नंतर थांबू देत नव्हते. सेकंड शिफ्टचं ओतणं मी एकदाही बघितलं नाही. त्यामुळं मी स्वतः लॅडल धरून घेतलेले आकडे फर्स्ट शिफ्टचेच आहेत, हे लक्षात ठेवून वाचा.

२७ मे, मंगळवार

२५२ नगांचा निकाल हातात आला. २४ ब्लो होल. पहिल्या तीन बॉक्सचे ७, मधल्या तीनचे ८, शेवटच्या तीनचे ९. प्रत्येक गटात ८४ नग होते. म्हणजे टेम्परेचरचा म्हणावा तसा संबंध नाही.

खूप वाईट वाटलं, आठवडा गेला. मग लॅबच्या दादांनी विचारलं की या २४ मध्ये कोर कधीचे होते? मी कोरची नोंदच केली नव्हती. वाळू लिहिली, लोखंड लिहिलं, बॉक्स लिहिला, आणि नगाच्या मध्यभागी जो बसतो तोच लिहायचा राहिला.

यंदा पाऊसही लवकर आला, मान्सून कालच २६ मेला मुंबईत पोचला. आमच्याकडं तर चार-पाच दिवस संततधार आहे, रूमवर कपडे वाळेनात.

२९ मे, गुरुवार

मंगळवारी ओतलेल्या १८० नगांमध्ये ३१ ब्लो होल. १७ टक्के! सगळे म्हणायला लागले पावसानं वाळू भिजली. पण मंगळवारची माझी हॉपरची रीडिंग ३.३, ३.५, ३.४. वाळू भिजलेली नव्हती. झाकणाच्या डब्यांचे १८० रुपये इथं वसूल झाले, कारण मी छातीठोक सांगू शकले.

मग पावसानं काय बदललं? कोरचा रॅक. तो लाईनच्या जवळ पडावा म्हणून शटरला लागून ठेवलाय आणि शटर दिवसभर उघडं. कोर कोल्ड बॉक्सचे (वाळू रेझिननं चिकटवून, न तापवता घट्ट केलेले), वर पाण्यातला वॉश (लेप), ओव्हनमध्ये वाळवून रॅकवर. तिथं कधी चार तास राहतात, कधी दोन दिवस.

काल एक चूक करून झालीच होती ती पण लिहिते. १० ताजे कोर आणि १० जुने कोर वजन केले, म्हटलं जुने जड निघतील. ताजेच जड निघाले. कारण प्रत्येक कोर शूट होताना वाळू थोडी कमी-जास्त भरते, १८३० ते १८६० ग्रॅम काहीही येतं. दोन वेगळ्या कोरांची तुलना करून ५-६ ग्रॅम पाणी कसं दिसणार. तोच कोर दोनदा मोजला पाहिजे. म्हणून काल संध्याकाळी १० कोरांवर पेन्सिलनं नंबर घालून वजन केलं आणि आज सकाळी ९ ला परत. प्रत्येक कोर ४ ते ९ ग्रॅमनं वाढलेला, सरासरी ६. त्यातले तीन लॅबच्या ओव्हनमध्ये ११० डिग्रीला तासभर ठेवले, वजन परत मूळ ठिकाणी.

६ ग्रॅम पाणी म्हणजे एक चमचा. पण त्याची वाफ १०० डिग्रीलाच १० लिटर होते, आणि इथं तर बाजूला १३०० च्या वरचं लोखंड आहे. एवढी वाफ चारी बाजूंनी लोखंडानं वेढलेल्या कोरमधून कुठून जाणार?

हे मामांना सांगायला पळत गेले.

३० मे, शुक्रवार

मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि रॅकवरचा एक कोर उचलून तोंडाला लावून फुंकला. मग दुसरा. तिसरा माझ्या हातात दिला, "फुंक बघू." हवा जाईना. "भोक मुजलंय बघ. वाफ जायची कुठनं मग?"

कोरच्या आतून गॅस जायला ५ मिमीचं आरपार भोक असतं, ते कोर प्रिंटच्या (कोर साच्यात टेकतो त्या भागाच्या) टोकाला उघडतं आणि तिथून साच्याच्या व्हेंटमधून गॅस बाहेर. वॉशमध्ये कोर बुडवताना टोकापर्यंत बुडतो आणि वॉश भोकात जाऊन सुकतो. २० कोर फुंकून बघितले, ७ बंद. कोणाला हे माहीत नव्हतं असं नाही. मामांना माहीत होतं, ते त्यांच्या हाताखालून जाणारे कोर फुंकून, बंद असेल तर तारेनं मोकळे करून लावायचे. पण बाकी दोन मशीनवर आणि सेकंड शिफ्टला कोणी करत नव्हतं आणि लिहिलेलं कुठंच नव्हतं. मी २४ दिवसांत त्यांना हे विचारलंच नव्हतं, नंबर कुठं घालू एवढंच विचारलं होतं.

संध्याकाळी ट्रायलसाठी कोर परत वाळवायला ओव्हनमध्ये ठेवले आणि ६ वाजता निघाले.

३१ मे, शनिवार

ओव्हनचा सेटिंग नॉब मी १५० ऐवजी २३० वर ठेवून गेले होते. कोर शॉपमधल्या पोरानं दोन तासांनी वास आला म्हणून बंद केला. १६ कोर चॉकलेटी झालेले, हातात घेतला की कोपरे भुगा. रेझिन जळून गेलं. एक कोर ३८ रुपये धरतात, म्हणजे ६०८ रुपये. मी साहेबांना सांगितलं की भरून देते, त्यांनी घेतले नाहीत. पण कोर शॉपच्या पोराला त्या १६ कोरांसाठी शिफ्टनंतर थांबायला लागलं, त्याचं जास्त वाटलं. त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सॉरी म्हटलं. यानंतर ओव्हन लावला की समोर उभं राहून दहा मिनिटं काटा बघायचा आणि जायचं असेल तर कुणाला तरी तोंडानं सांगून जायचं.

३ ते ७ जून

ट्रायल. चार प्रकार, प्रत्येकी ३० नग, ठिपक्यांनी ओळख.

जसे रॅकवर होते तसे: ३० मध्ये ६ ब्लो होल.
फक्त परत वाळवलेले: ३.
फक्त भोक मोकळं केलेले: २.
दोन्ही केलेले: ०.

३० नग कमी आहेत हे मला माहितीये, त्या शून्यावर मी नाचले नाही. पण तोच पाऊस, तीच वाळू, तीच लॅडल, फरक फक्त कोरचा. साहेबांनी शीट दोनदा वाचली आणि थेट कोर शॉपमध्ये आले.

सगळे कोर परत वाळवायचं म्हटलं तर ओव्हन पुरत नाही आणि गॅसचा खर्च वाढतो, म्हणून असं ठरलं:

रॅक शटरपासून आतल्या भिंतीला, वरून प्लास्टिक. प्रत्येक ट्रेवर खडूनं तारीख-वेळ, जुना आधी वापरायचा. २४ तासांपेक्षा जुना असेल तरच १५० डिग्रीला अर्धा तास. आणि वॉशमध्ये बुडवताना भोकात ५ मिमी सळईचा तुकडा घालून बुडवायचा, मग काढायचा. हा शेवटचा उपाय मामांचा. सळईचे ४० तुकडे स्क्रॅपमधूनच कापले, खर्च शून्य.

पहिल्या दिवशी सळया वॉशसकट सुकून आत अडकल्या, चार कोर काढताना तुटले. बुडवल्यावर लगेच, वॉश ओला असतानाच काढायला लागतात. शिवाय सळईला थोडं तेल.

८ ते १२ जून

चार दिवसांचं काम, सोमवार सोडून. नवीन पद्धतीनं ६१२ नग. यातल्या दोन दिवशी सेकंड शिफ्टला सळया वापरल्याच नाहीत असं कळलं, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, मी ६ ला निघून जाते आणि साहेबांना वाटलं मी सांगितलं असेल. बुधवारी सेकंड शिफ्टचे लोक येतात तेव्हा थांबून मामांसोबत प्रत्यक्ष करून दाखवलं.

याच दिवसांत कॉलेजच्या फॉरमॅटमधला रिपोर्टही लिहायला लागला, कंपनी प्रोफाइल, ऑर्ग चार्ट वगैरे, त्यात दोन रात्री गेल्या.

१४ जून, शनिवार, शेवटचा दिवस

६१२ पैकी फेटलिंग होऊन आलेल्यांची मोजणी पूर्ण झाली. ब्लो होल १३. म्हणजे २.१ टक्के.

ते १३ मी एकेक करून बघितले. ५ कोरच्या बाजूला आहेत, ते आपल्याच कारणाचे असणार, बहुतेक त्या दोन सेकंड शिफ्टचे. पण ८ वरच्या पृष्ठभागाला आहेत, बारीक, आणि त्यातले ६ आठव्या-नवव्या बॉक्सचे. म्हणजे टेम्परेचरचा माझा पहिला संशय पूर्ण खोटा नव्हता, कोरच्या मोठ्या त्रासाखाली तो दिसत नव्हता इतकंच. यावर काम करायला माझ्याकडं दिवस उरले नाहीत. नवव्या बॉक्सऐवजी आठवर लॅडल थांबवून बघायचं आहे, असं साहेबांच्या शीटवर लिहून दिलं.

अजून एक राहिलंय. आत दडलेले ब्लो होल कस्टमरकडं मशीनिंगलाच उघडे पडतात, जूनच्या मालाचा तो आकडा जुलैमध्ये येईल. लॅबच्या दादांनी व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणून सांगितलंय.

माझी वाळू-लॅडल-कोरची वही लॅबच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, झाकणाचे डबे पण तिथंच ठेवले, दादा म्हणाले राहू देत. मामांना भेटायला लाईनवर गेले तेव्हा ते साच्यात कोर बसवत होते, हात मोकळा नव्हता. बाजूच्या ट्रेमधला एक कोर डोळ्यानं दाखवला. मी उचलून फुंकला. हवा गेली.